भिंतीआड मेलो, परत एकदा

अरे ऑनलाइन शूटिंग गेममध्ये मी भिंतीमागे गेलो होतो ना राव, अख्खा आत, बूटसुद्धा दिसत नव्हता, आणि तिथे हेडशॉट! किलकॅम (मारणाऱ्याच्या नजरेतून दिसणारा रिप्ले) बघितला तर त्या मारणाऱ्याच्या स्क्रीनवर मी अजून उघड्यावरच उभा, म्हणजे पिंग (नेटचा उशीर) १८० मिलिसेकंद त्याचा आणि मरायचं मी, कारण सर्व्हर लॅग कॉम्पेन्सेशनच्या (उशिराची भरपाई) नावाखाली त्याने ट्रिगर दाबला तेव्हाचं जुनं चित्र खरं धरतो. बरं, एकदा समजू शकतो, पण ह्या पठ्ठ्याचं नेट दर राउंडला बरोब्बर कोपऱ्यावरून बाहेर येतानाच अडखळतं?? लॅगस्विच (आपलंच नेट मुद्दाम क्षणभर अडवायची चलाखी) असणार, दुसरं काय. सिद्ध करता येत नाही हीच तर गोची. रिपोर्ट केला की तोच तो ऑटोमॅटिक थँक्यू. आणि वर चॅटमध्ये मलाच म्हणतो, 'स्किल इश्यू भावा', म्हणजे खेळता मलाच येत नाही!