मागे घसरलेली गाडी म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात नव्हे

उंच पोलादी रोलर कोस्टरची गाडी मनोऱ्याच्या माथ्यापाशी थबकते आणि आल्या वाटेने मागे घसरते, अशी एक चित्रफीत वारंवार फिरत असते. सोबतच्या मजकुराचे म्हणणे असे: वीज गेल्यामुळे गाडी कोसळली, तिला अडवणारे काहीच नव्हते, प्रवासी नशिबाने वाचले, अशा राइडमध्ये शरीरावर अंतराळवीरांपेक्षा अधिक भार येतो, हे तंत्र नवे आणि अपुरे तपासलेले आहे, आणि म्हणूनच अमेरिकेत न्यू जर्सीतील ‘किंगडा का’ ही रोलर कोस्टर पाडावी लागली. यांपैकी भाराविषयीच्या विधानात सत्याचा थोडा अंश आहे, बाकीची विधाने चुकीची आहेत.

प्रथम विजेविषयी. ‘किंगडा का’मध्ये पंप तेलाच्या दाबाने टाक्यांतील नायट्रोजन आधीच दाबून ठेवत, त्या साठलेल्या दाबावर एक मोठे पिंप फिरे आणि त्यावर गुंडाळली जाणारी तार गाडीला सुमारे 3.5 सेकंदांत ताशी 206 किलोमीटर वेगापर्यंत ओढत नेई. तार सुटल्यावर गाडी निव्वळ मिळालेल्या वेगावर चढत असल्यामुळे, चढणीवर असताना वीज गेली तरी तिच्या चढण्यात फरक पडत नसे.

मग ती मागे का येई? घर्षण आणि हवेचा विरोध नसता तर या वेगाने गाडी सुमारे 167 मीटर उंची गाठू शकली असती. मनोरा 139 मीटरचा होता. सगळी तूट या फरकातूनच भरून निघायची असल्यामुळे समोरून वाहणारा वारा किंवा थंड हवा एवढ्यानेही कधी शिल्लक संपत असे. वेग बराच वाढवून ठेवला असता तर माथा ओलांडताना प्रवासी आसनातून फार जोराने वर उचलले गेले असते, त्यामुळे ही शिल्लक जाणूनबुजून मर्यादित ठेवली जाते. गाडी अधूनमधून मागे येणार हे आराखडा करणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलेले असते.

‘अडवणारे काहीच नव्हते’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. गाडी सुटताना रुळांमध्ये खाली दबलेले चुंबकीय ब्रेक ती पुढे जाताच वर येतात. चुंबक आणि धातूची पट्टी एकमेकांजवळून वेगाने सरकली की धातूत विद्युत प्रवाह निर्माण होऊन गतीला विरोध करतात. त्यासाठी बाहेरून वीज लागत नाही आणि वेग जास्त असेल तेव्हा हा विरोध चांगलाच जाणवतो. शिवाय आधीची गाडी माथा पार करेपर्यंत पुढची गाडी त्या रुळांवर आणली जात नाही, म्हणून मागे येणाऱ्या गाडीला मोकळी वाट मिळते. ओहायोतील सीडर पॉइंट या मनोरंजन पार्कमध्ये 2024 मध्ये नव्या रूपात सुरू झालेल्या ‘टॉप थ्रिल 2’मध्ये तर गाडी पहिल्या प्रयत्नात मुद्दामच माथ्यापर्यंत नेली जात नाही आणि मागे येऊ दिली जाते.

भाराचे गणित सोपे आहे. ‘किंगडा का’च्या आकड्यांवरून सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 1.7 पट निघते, तर सॅटर्न 5 अग्निबाणात पहिला टप्पा संपताना अंतराळवीरांवर सुमारे चौपट भार येत असे. मात्र जपानमधील फुजी-क्यू हायलँडची ‘डो-डोडोन्पा’ दाबलेल्या हवेच्या जोरावर 1.56 सेकंदांत ताशी 180 किलोमीटर वेग घेई, म्हणजे सरासरी 3.3 पट. प्रवाशांनी हाडे मोडल्याच्या तक्रारी केल्यावर ती 2021 मध्ये थांबवली गेली आणि 2024 मध्ये कायमची बंद झाली. ती चिंता रास्त होती, पण ती त्या राइडची होती.

तंत्र नवे नाही: 1977 मध्येच जर्मन रोलर कोस्टर अभियंता आंतोन श्वार्ट्सकोप्फ यांच्या राइडमध्ये गाडी खाली पडणाऱ्या वजनाच्या जोरावर सोडली जात होती, आणि विद्युतचुंबकीय मोटरींवरची राइड 1996 पासून आहे.

‘किंगडा का’ फेब्रुवारी 2025 मध्ये पाडली गेली हे खरे. पण ती हटवून तिथे नवी मोठी राइड उभारण्याचे पार्कने नोव्हेंबर 2024 मध्येच जाहीर केले होते. खरी भीती दाखवायची असेल, तर ‘टॉप थ्रिल 2’चे आधीचे रूप असलेल्या ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’वरचा ऑगस्ट 2021 चा अपघात दाखवावा. गाडी मागे घसरली नव्हती, ती फेरी संपवत होती. तेव्हा तिच्यावरचा धातूचा एक तुकडा निखळून रांगेत उभ्या असलेल्या महिलेला लागला आणि ती गंभीर जखमी झाली.