साठ सक तीनशे साठ

ठोकळ्यांचं घर बांधायला काही लागत नाही हो, चार भिंती, वर छप्पर, पडलं तर परत बांधा. खरा वैताग उघडमीट होणाऱ्या आकारांचा. ती रंगीत प्लास्टिकची गोल जाळी पाहिली असेल ना, ओढली की फुलते, दाबली की मिटते, 15 सेंटीमीटरची थेट 76 ची होते? चक होबरमन नावाच्या अमेरिकन माणसाची करामत. आमच्या कन्येने ती कुणाच्या तरी बर्थडेला पाहिली आणि घरी येऊन फर्मान काढलं, बाबा आपण ही लेगोची करायची. विकत आणूया म्हटलं तर "मग त्यात तू काय केलंस?" बोला आता.

सुरुवात झकास झाली. जुन्या बिल्डिंगमधल्या लिफ्टला खडखडत सरकणारं जाळीचं दार असायचं बघा, तसंच, सरळ पट्ट्यांच्या कैच्या, मधोमध एक पिन आणि टोकांना एकेक, दहा मिनिटांत तयार. पण ते सरळ रेषेत पळतं, गोलात नाही. गोलात पसरायचं तर प्रत्येक पट्टी मधेच वाकलेली हवी, आणि नेमकी किती वाकलेली यावरच सगळं अडतं. एका कैचीत पट्ट्यांची एक जोडी, अशा सहा जोड्यांचं कडं हवं तर प्रत्येक पट्टीचा वाक 60 अंश, कारण साठ सक तीनशे साठ, शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेलं अखेर कुठेतरी कामी आलं.

आता लेगोच्या डब्यात दोन्ही बाजू सारख्या असलेली वाकडी पट्टी होती, तिचा वाक 53.13 अंश. हा विचित्र आकडा कुठून आला तर 3-4-5 च्या त्रिकोणातून, कारण भोकं बरोबर 8 मिलिमीटरच्या चौकटीत बसायला हवीत, म्हणजे त्या पट्टीचं तिच्या जागी काहीच चुकत नाही, फक्त आमच्या कड्यात ती बसत नाही. सहा जोड्या लावल्या की 41 अंशांचं तोंड वासलेलं, सात लावल्या की 12 अंश जास्त. सात दाबून बसवल्या, त्या बसल्याही, थोडं उघडलं, मग आखडलं आणि एक पिन टुणकन उडून आईच्या चहात. आई म्हणाली, "अरे साखर घातलीये मी, अजून नको."

बायको येताजाता "जेवायला टेबल मिळणार आहे का आज" एवढंच विचारत होती, तेही माझ्याकडे न बघता, म्हणजे प्रकरण गंभीर.

तोडगा काढला कन्येनेच. वाकडी पट्टी हवीच कशाला, म्हणाली, तीन बाजू सारख्या केल्या की कोन आपोआप साठचा. नऊ भोकांची सरळ पट्टी घ्यायची, तिच्या मधल्या भोकात एक पाच भोकांची पट्टी, शेवटच्या भोकात दुसरी, आणि त्या दोघींची टोकं एकमेकींना जोडायची. समभुज त्रिकोण! तो हलत नाही, ढिला पडत नाही, आणि उरलेल्या अर्ध्या पट्टीशी बरोबर 60 चा वाक देतो. मी इंजिनियर आहे हे मी त्या क्षणी कुणाला सांगितलं नाही.

फक्त हिशोब केला तर बारा पट्ट्यांच्या जागी छत्तीस, आणि पिना किती ते विचारूच नका. बरं पिनांतही दोन जाती, काळी घट्ट बसते, करडी सैल फिरते. त्रिकोणाला काळ्या हव्यात, सांध्यांना करड्या. आमच्याकडे करड्या निम्म्याच, बाकी सोफ्याखाली, म्हणून काही सांध्यांना काळ्याच ठोकल्या आणि कडं असं आडमुठं झालं की इकडून ओढलं तरी तिकडची बाजू ढिम्म. मग सोफा सरकवला. करड्या पिना निघाल्या, शिवाय दोन रिमोट, त्यातला एक आता घरात नसलेल्या टीव्हीचा.

रात्री उशिरा ते कडं उघडलं. काय सुरेख उघडलं महाराजा! सहाही कोपरे एकदम बाहेर, एकदम आत. मी चारपाचदा उघडमीट केली, आईनेही केली, बायकोने व्हिडिओ काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला आणि टेबलाचा विषय तेवढ्यापुरता मिटला.

"पण बाबा, हे चपटंय," कन्या म्हणाली, "गोळ्याला अशी सहा कडी लागतात, एकमेकांतून गेलेली. आणि प्रत्येकात सहा नाही, दहा जोड्या."

दहा म्हणजे वाक 36 अंशांचा. मी लाईट बंद करायला उठलो तेव्हा ती कॅल्क्युलेटर शोधत होती.