आगीत विष जळत नाही, तयार होतं

गेल्या रविवारी माझ्या धाकट्या भावाने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. तो इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. मेसेज मराठीत होता, लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' अशी खूण होती. आईने लगेच हात जोडले. काकांनी 'डोळे उघडणारी माहिती' असं लिहिलं. भावाने खाली स्वतःची ओळ जोडली होती : 'आमचा जुना टीव्हीही कालच दिला. कुणाच्या तरी कामी येईल.'

एरवी मी असल्या मेसेजांकडे लक्ष देत नाही. पण मी रसायनशास्त्र शिकवते, आणि त्यातला एक मुद्दा वाचून मला रात्री झोप लागली नाही. ग्रुपवर लिहायला घेतलं तर ते फारच वाढलं, म्हणून इथे लिहिते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. श्रीमंत देशांतून आफ्रिकेत जाणारी जुनी उपकरणं म्हणजे कचरा नव्हे, ती मदत आहे. त्यातून हजारोंना रोजगार मिळतो आणि कुणी कुणावर जबरदस्ती करत नाही. तारा जाळल्याने धातू मोकळा होतो आणि विषारी भाग जळून नष्ट होतो, कारण 'अग्नी सगळं शुद्ध करतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं'. तिथला बहुतेक कचरा तिथल्याच लोकांचा आहे. आणि घानामधला तो बदनाम झालेला डंप सरकारने केव्हाच बंद केला, तेव्हा विषय संपला.

क्रमाने जात नाही. आधी आगीचं बोलते.

घानाची राजधानी आक्रा. तिथे ओडॉ नदीच्या काठावर, कोर्ले खाजणाजवळ आग्बोग्ब्लोशी नावाची वस्ती आहे. एका बाजूला भाजीपाल्याचा आणि कांद्याचा मोठा बाजार, दुसऱ्या बाजूला भंगाराचं आवार होतं. मेसेजमधला बदनाम डंप तो हाच. संगणक, फ्रिज, टीव्ही, गाड्यांचं वायरिंग, सगळं तिथे फोडलं जायचं. तारांतलं तांबं काढायचं तर वरचं प्लास्टिक सोलावं लागतं. सोलायला वेळ लागतो, जाळायला लागत नाही. म्हणून तारांच्या गुंडाळ्या करून त्या पेटवत. आग धरावी म्हणून जुन्या फ्रिजच्या भिंतींतला फोम किंवा गाडीचं टायर खाली घालत. बहुतेक पोरं घानाच्या उत्तर भागातून, टमाले वगैरे कोरडवाहू मुलखातून आलेली. लोखंडी काठीने तारा उलथत ती धुरातच उभी असत. विझवायला पिण्याच्या पाण्याच्या पिशव्या फोडून ओतत.

आता त्या आगीत काय होतं ते सांगते. बारावीच्या प्रयोगशाळेत मी एक चाचणी दाखवते. तांब्याची तार बर्नरवर लाल होईपर्यंत तापवायची, ती प्लास्टिकच्या वायरच्या वेष्टनाला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवीगार होते. मुलं 'ओऽ' करतात. त्या हिरव्या रंगाचा अर्थ एवढाच, की प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे आणि तांब्याने ते धरलं आहे. हे मी खिडक्या उघड्या ठेवून, नखाएवढा तुकडा घेऊन करते, आणि वर्ग संपेपर्यंत घशाशी खवखवतं. तारांवरचं वेष्टन बहुतेकदा पीव्हीसीचं असतं, आणि शुद्ध पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. कार्बन, क्लोरीन, प्राणवायू आणि तांबं एकत्र आले आणि तापमान साधारण २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात राहिलं की डायॉक्सिन, म्हणजे क्लोरीन असलेली अतिशय विषारी संयुगं, तयार होतात. तांबं तिथे उत्प्रेरकाचं काम करतं, म्हणजे ते नसतं तर जे कमी झालं असतं ते जास्त होतं. डायॉक्सिन मोडायचं तर भट्टीत ८५० अंशांच्या वर तापमान लागतं, वायू त्यात निदान दोन सेकंद राहावा लागतो, आणि मग तो झटकन थंड करावा लागतो, नाहीतर निवताना ते पुन्हा तयार होतात. उघड्यावर टायर घालून पेटवलेल्या ढिगात यातलं काहीच नसतं. धुमसणारा ढीग मुद्दाम मांडला असता तरी डायॉक्सिनसाठी याहून चांगली सोय झाली नसती.

तेव्हा 'विष जळून नष्ट होतं' हे उलटं आहे. पीव्हीसीची वायर न जाळता पडून राहिली तर तिच्यात डायॉक्सिन नसतं. ते आगीत जन्माला येतं. आणि शिशासारखा धातू कुठल्याच आगीने नाहीसा होत नाही, कारण ते मूलद्रव्य आहे. ते फक्त वायरीतून राखेत, राखेतून धुळीत आणि धुळीतून पोरांच्या बोटांवर येतं. पूर्वजांचं नाव इथे कशाला घ्यायचं? होमात पीव्हीसी घालत नव्हते कुणी.

'मोकळ्या हवेत धूर विरून जातो' असंही एक वाक्य आहे मेसेजमध्ये. त्याला उत्तर म्हणून एक अंडं पुरतं. २०१९ मध्ये आयपेन आणि बासेल ॲक्शन नेटवर्क या विषारी रसायनं आणि घातक कचरा यांवर काम करणाऱ्या संस्थांनी आग्बोग्ब्लोशीच्या परिसरात मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासली. तिथलं एक अंडं खाल्लं, एकच, तर मोठ्या माणसाच्या शरीरात जाणारं क्लोरिनयुक्त डायॉक्सिन युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ठरवलेल्या दिवसाच्या सहन करण्याजोग्या प्रमाणाच्या २२० पट भरतं. अंडी मोजकीच तपासली होती, हे मी लपवत नाही. पण २२० पट हा आकडा मोजणीतल्या चुकीने येत नाही. कोंबडी माती उकरते, राखेतले दाणे टिपते, तिच्या चरबीत डायॉक्सिन साठतं, चरबी बलकात जाते, बलक पोराच्या ताटात जातो. माणसाच्या शरीरात शिरलेलं डायॉक्सिन अर्धं व्हायलाच सात ते अकरा वर्षं लागतात. धूर विरला म्हणतात तो असा विरला. कांद्याचा बाजार त्या आवाराला खेटून होता, गुरं आणि शेळ्या त्याच राखेत चरत होत्या. आक्रा शहराच्या तोंडी जाणारं अन्न तिथून जात होतं.

आमच्या आईने अंगणात कोंबड्या पाळलेल्या आहेत. हे तिला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही.

आता मदतीचं. यात अर्धं खरं आहे आणि ते मी मान्य करते. घाना आणि नायजेरियात जुनी उपकरणं दुरुस्त करणारे कारागीर अतिशय हुशार आहेत. आपण इथे फेकून दिलेला लॅपटॉप ते चालू करतात आणि तो पुढे अनेक वर्षं चालतो. चालू स्थितीतला जुना संगणक तिकडे जायला माझी अजिबात हरकत नाही. प्रश्न बंद मालाचा आहे. २०१५ आणि २०१६ मध्ये लागोसच्या बंदरावर माणसं बसवून नायजेरियात उतरणारा माल मोजला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाचा तो अभ्यास होता. वर्षाला साधारण ६०,००० टन जुनी उपकरणं येत होती, बहुतेक युरोपातून, आणि पाठवणाऱ्यांत जर्मनी आणि ब्रिटन पुढे होते. साधी चाचणी घेतली तर निदान १९ टक्के वस्तू चालत नव्हत्या. पाचातली जवळजवळ एक. आणि यातला सुमारे ७० टक्के माल कंटेनरमधून आलाच नव्हता. जहाजावर चढवलेल्या जुन्या गाड्यांच्या पोटात, मागच्या सीटवर, डिकीत टीव्ही कोंबून आणले होते. मदत पाठवणारा माणूस ती गाडीच्या डिकीत लपवून का पाठवेल?

भावाला विचारलं, टीव्ही कुणाला दिलास? एक व्हॅनवाला गल्लीत येतो, जुन्या वस्तू फुकट नेतो. टीव्ही चालत होता का? 'आवाज यायचा, चित्र दिसायचं नाही.' अरे, पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या एलसीडी टीव्हीच्या पडद्यामागे उजेडासाठी पेन्सिलीहून बारीक नळ्या असतात आणि त्यांत पारा असतो. चित्र गेलं म्हणजे बहुधा त्या नळ्याच गेल्या किंवा त्यांना वीज देणारं सर्किट गेलं. तो टीव्ही कुठे गेला हे मला ठाऊक नाही, त्यालाही नाही. व्हॅनवाला म्हणाला होता 'आफ्रिकेला जातं सगळं', आणि भावाला ते ऐकून बरं वाटलं होतं. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. चांगल्या मनाच्या माणसाला असं फसवणं सोपं असतं.

ब्रिटनचा कायदा बंद उपकरण असं पाठवू देत नाही. २०१४ मध्ये तिथल्या एका व्यापाऱ्याला ४६ टन असा माल नायजेरिया, घाना आणि आणखी काही आफ्रिकी देशांकडे पाठवल्याबद्दल १६ महिन्यांची कैद झाली. मदतीबद्दल कुणी कैदेत जात नाही.

रोजगाराबद्दल. हो, पैसा मिळतो. त्या आवारात भंगार विकत घेणारे होते, तोडणारे होते, वजन करणारे होते, ॲल्युमिनियम वितळवून पातेली ओतणारे होते, आणि जाळणारी पोरं सगळ्यात खालच्या पायरीवर होती. स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून मातीतून ओढत लोखंडाचे कण गोळा करणारी लहान मुलंही होती. ती स्वखुशीने करतात, असं मेसेज म्हणतो. दहा वर्षांच्या मुलाची खुशी कसली धरता? जुन्या डबा टीव्हीच्या काचेत एक-दोन किलो शिसं असतं, मोठ्या सेटमध्ये त्याहून जास्त. त्या काचेच्या मानेभोवतीचं तांब्याचं वेटोळं काढायला दगडाने काच फोडतात. मुलाच्या मेंदूसाठी शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजगार हवाच, आणि तो धुराशिवायही देता येतो. वायर सोलायची यंत्रं आग्बोग्ब्लोशीत बसवूनही पाहिली होती. पण जाळण्याच्या वेगाशी आणि फुकटपणाशी यंत्राने झगडावं, तर तारेचं तांबं थोड्या जास्त भावाने कुणीतरी विकत घ्यायला हवं. तो फरक आज कुणी देत नाही. तो पोरांच्या फुप्फुसांतून वसूल होतो, म्हणून आपल्याला तांबं स्वस्त पडतं आणि युरोपला कचरा स्वस्त पडतो.

'कचरा त्यांचाच आहे.' हाही अर्धा खरा मुद्दा, आणि मला तो मान्य करायला आवडत नाही, पण करते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्येच म्हटलं होतं, की पश्चिम आफ्रिकेत निघणाऱ्या ई-कचऱ्याचा मोठा भाग तिथल्याच वापरातून येतो. आग्बोग्ब्लोशीला 'जगातला सर्वांत मोठा ई-कचरा डंप' म्हणणाऱ्या बातम्याही फुगवलेल्या होत्या. पण 'तिथल्या वापरातून' म्हणजे काय ते बघा. त्याच अहवालानुसार २००९ मध्ये घानात आलेल्या उपकरणांपैकी सुमारे ७० टक्के जुनी होती. दुसऱ्याने आठ वर्षं वापरलेला फ्रिज तिथे दोन वर्षं चालतो आणि मोडतो, मग तो 'त्यांचा' कचरा. आयुष्याची आठ वर्षं एकाकडे आणि मढं दुसऱ्याच्या दारात. २०२२ मध्ये आफ्रिकेत माणशी अडीच किलो ई-कचरा निघाला, युरोपात माणशी १७.६ किलो. त्याच वर्षी आफ्रिकेतल्या ई-कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेलेला भाग एक टक्क्याहून कमी होता. भट्ट्या तिकडे नाहीत आणि माल तिकडे जातो.

शेवटचा, डंप बंद झाल्याचा मुद्दा. जुलै २०२१ मध्ये आक्राच्या प्रशासनाने कांद्याचा बाजार हलवला आणि भंगाराचं आवार बुलडोझर लावून सपाट केलं. हे खरं. पण जाळणं थांबलं नाही, ते पांगलं. शेजारच्या ओल्ड फडामा वस्तीत आणि आणखी इकडेतिकडे गेलं, लोकांच्या झोपड्यांच्या अधिक जवळ. मातीतलं शिसं तर बुलडोझरने उचललं जात नाही. कागदावर मात्र एक चांगली गोष्ट झाली आहे. १ जानेवारी २०२५ पासून बासेल करारानुसार, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात कचरा पाठवण्यावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, कुठलाही ई-कचरा, घातक असो वा नसो, घेणाऱ्या देशाच्या आगाऊ संमतीशिवाय सीमेपार पाठवता येत नाही. ही दुरुस्ती मांडणाऱ्या दोन देशांपैकी एक घाना होता. आफ्रिकी लोकांना हा माल मदत वाटतो असं म्हणणाऱ्याने एवढं तरी लक्षात घ्यावं. अमेरिकेने मूळ करारालाच अजून मान्यता दिलेली नाही.

भावाशी काल बोलले. त्याच्या कपाटात एक बंद लॅपटॉप आणि दोन जुने फोन आहेत, तेही व्हॅनवाल्यासाठी काढून ठेवले होते. मी त्याला सांगितलं, ते नगरपालिकेच्या संकलन केंद्रावर स्वतः नेऊन दे, घरगुती माल तिथे फुकट घेतात. शनिवारी जातो म्हणाला. मेसेज त्याने ग्रुपवरून काढला, पण तोपर्यंत काकांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला होता. तिथल्या लोकांना हे सगळं पुन्हा सांगायला मी उद्या संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे, तांब्याची तार आणि वायरचा तुकडा बरोबर घेऊन.