नवा ड्रायव्हर न वाचता कसा तपासावा

अभिनंदन! लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, नवा ड्रायव्हर (यंत्राशी बोलणारा कोड) तपासायचं काम अखेर तुमच्या गळ्यात पडलं. शनिवारची रात्र, घरची मंडळी इंदूरच्या सराफ्यात खायला जायला तयार होऊन दारात उभी, आणि तुमच्यापुढे साडेअकराशे ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचा गठ्ठा. यंत्र म्हणाल तर साधा वजनकाटा. सांवेर रोडवरच्या एका नमकीनच्या कारखान्यात सेवेची पाव-पाव किलोची पाकिटं भरणारं मशीन आहे. त्याचा काटा लिनक्स चालवणाऱ्या तळहाताएवढ्या बोर्डाला जोडायचा आहे. लिहिणारा मुलगा राजेंद्रनगरातला, तुम्हाला काका म्हणणारा, आणि त्याची आई सानंद संस्थेच्या नाटकांना तुमच्या सौभाग्यवतींच्या शेजारच्या खुर्चीत बसणारी. म्हणजे पॅच नाकारायची सोय नाही आणि वाचायला वेळ नाही. या कात्रीत सापडूनच आजवर पुष्कळ तपासनीस नावारूपाला आले आहेत. तुम्हीही याल, फक्त सांगतो तसं करा.

सुरुवात मोकळ्या जागांपासून करावी. कर्नलच्या शैलीत टॅब आठ अक्षरांचा. ओळ शक्यतो ८० अक्षरांत बसवायची. इशारा देण्याची मर्यादा २०२० साली १०० वर नेली, पण जुन्या माणसांना ८० च आवडतात. हे सगळं तपासणारी चेकपॅच नावाची स्क्रिप्ट कर्नलबरोबर फुकट येते आणि चहा ओतेपर्यंत यादी हातात ठेवते. म्हणूनच त्या सूचना तुम्ही स्वतः, एकेक करून, हातानं लिहायच्या. स्क्रिप्टनं काढलेल्या खोडीला कोण विचारतो? तीच खोडी तुमच्या नावानं गेली की ऑफिसात म्हणतात, काय बारकाईनं वाचतात हो साहेब! नेटवर्क विभागात आणखी एक प्रथा आहे : फंक्शनच्या तोंडाशी चलांच्या घोषणा लांब ओळीपासून आखूड ओळीपर्यंत उतरत्या क्रमानं मांडायच्या. तिला रिव्हर्स ख्रिसमस ट्री म्हणतात. काट्याचा नेटवर्कशी काडीचाही संबंध नाही. तरी मागणी करावी. मुलगा निमूटपणे सगळं मांडून देईल, त्यात त्याचा रविवार जाईल आणि तुमचा वाचेल.

मग कोणती चिप वापरली आहे ते बघू नका. हे महत्त्वाचं आहे. काट्याच्या पाठीवर कंपनीचं छान चकचकीत स्टिकर आहे, त्यावर समाधान मानावं. स्टिकर नखानं उचकटलं, तर खालून एचएक्स७११ निघण्याचा दाट संभव आहे. चोवीस बिटांची, स्वस्त, शाळकरी पोरांच्या प्रयोगांतही सापडणारी ही चिप. आणि कर्नलच्या आयआयओ विभागात, म्हणजे मोजमापाच्या चिपांच्या विभागात, तिचा ड्रायव्हर आधीच आहे. म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाला काय जोडलंय त्या यादीत, चार ओळी लिहून भागलं असतं. पण मग साडेअकराशे ओळी गेल्या, मुलाचं नाव गेलं, तुमचं गेलं, आणि 'आपल्या कंपनीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये' ही सोमवारच्या मीटिंगची स्लाइडही गेली. एवढ्या लोकांचा तळतळाट घेऊन कुणाचं भलं झालंय?

आता थोडा कोड वाचावा लागेल. अगदीच न वाचता सूचना करायला फार अनुभव लागतो.

काट्याची चिप दोन तारांवर बोलते. डेटाची तार खाली आली की माप तयार झालं असं समजायचं. मग घड्याळाच्या तारेवर चोवीस ठोके द्यायचे, दर ठोक्याला एक बिट बाहेर येतं. एकूण पंचवीस, सव्वीस की सत्तावीस ठोके दिले यावर पुढच्या मापाचं गेन, म्हणजे सिग्नल किती पटीनं वाढवायचा ते, ठरतं. आणि घड्याळाची तार साठ मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ वरच राहिली तर चिप झोपी जाते. हे सगळं डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, तेव्हा डेटाशीट उघडायचं काही कारण नाही. उघडलंत तर नसते प्रश्न पडतात. तार वर असताना नेमका दुसरा इंटरप्ट, म्हणजे दुसऱ्या यंत्राची हाक, आली, कर्नल तिकडे गेला आणि परत यायला शंभर मायक्रोसेकंद लागले, तर? चिप मधेच झोपणार, राहिलेली बिटं भलतीच येणार, आणि पाव किलोचं पाकीट कागदोपत्री तीन किलोचं होणार. जुन्या ड्रायव्हरनं तेवढ्या क्षणापुरते इंटरप्ट थांबवून ठेवले आहेत. नव्यात तसलं काही नाही. तुमचंही तिकडे लक्ष नाही. उत्तम.

तिथून थोडं वर एक ओळ दिसेल : जोवर डेटाची तार वर आहे, तोवर फिरत राहा. बस, एवढंच. किती वेळ फिरायचं, तार खाली आलीच नाही तर काय करायचं, याचा पत्ता नाही. कारखान्यात रात्री झाडू मारताना वायर निघाली, म्हणजे तार काही खाली यायची नाही. बोर्डाच्या प्रोसेसरचा एक कोअर तिथेच गरगरत बसेल, पडदा गोठेल, मशीनची झडप उघडी ती उघडीच, आणि खाली सेवेचा ढीग. अशा ओळीवर तपासनिसाची खरी पारख होते. नवशिका इथे विचारून बसतो की वेळेची मर्यादा कुठे आहे. तुम्ही लिहायचं : 'रिकाम्या लूपचा सेमीकोलन पुढच्या ओळीवर घ्यावा.' सूचना बिनचूक आहे, शैलीला धरून आहे. दुसऱ्या आवृत्तीत सेमीकोलन पुढच्या ओळीवर येईल आणि लूप अनंतकाळ फिरेल, पण नियमात राहून फिरेल.

वजन ग्रॅममध्ये कसं काढलंय ते मात्र जरूर बघा, करमणूक होईल. कर्नलमध्ये दशांशचिन्हाचं गणित करायची सहसा मनाई असते, म्हणून मुलानं सगळ्याला हजारानं गुणलं आहे, पुढे भागलं आहे, आणि मधेच १८४ वजा केले आहेत. १८४ कशाचे? त्या कारखान्यातल्या स्टीलच्या ट्रेचे. आयआयओची पद्धत अशी की ड्रायव्हरनं कच्चं माप आणि त्याचं प्रमाण तेवढं द्यावं. ट्रे, पाकीट, ग्रॅम, तोळे हे वरच्या प्रोग्रामनं बघावं. पण इथे थेट ग्रॅम देणारा स्वतंत्र आयऑक्टल, म्हणजे प्रोग्रामनं ड्रायव्हरला द्यायचा खास हुकूम, केला आहे. आणि एकदा युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांना, दिलेली गोष्ट मोडायची नाही हा कर्नलचा जुना दंडक. म्हणजे उद्या व्हिएतनाममध्ये कुणी कॉफीच्या बिया जोखायला हा काटा लावला, तरी त्यातून इंदूरच्या ट्रेचं वजन वजा होणार, आणि ते कर्नलच्या हयातीपर्यंत. तुमची सूचना : 'उघडा आकडा नको, त्याला नाव द्या.' मुलगा वर एक डिफाइन टाकेल. १८४ ला नाव मिळालं की तो चूक राहत नाही, धोरण होतो.

खरी मेख यापुढे आहे, आणि तिथे तर अजिबात रेंगाळू नका. ड्रायव्हरला प्रोब आणि रिमूव्ह अशी दोन फंक्शनं असतात. यंत्र सापडलं की पहिलं चालतं, काढलं की दुसरं. गावाला निघताना आपण कुलूप तीनदा ओढून बघतो आणि गॅस बंद केला का ते उज्जैन आल्यावर आठवतं, तसं रिमूव्हचं आहे. प्रोबवर सगळे तुटून पडतात, रिमूव्हच्या बारा ओळींकडे कुणी ढुंकून बघत नाही. डेव्हएम उपसर्गाची फंक्शनं वापरून घेतलेली साधनं कर्नल आपसूक परत करतो, पण रिमूव्ह पूर्ण झाल्यावर, घेतल्याच्या उलट्या क्रमानं. आपल्या मुलानं इंटरप्ट डेव्हएमनं घेतला आणि बफर, म्हणजे मापं ठेवायची मेमरीतली जागा, साध्या केमॅलॉकनं, जिथे परत करायचं काम आपलं आपण करायचं. तो बफर रिमूव्हमध्ये मोकळा केला. इंटरप्ट मात्र अजून जिवंत. त्या मधल्या फटीत काट्यानं एक माप पाठवलं की इंटरप्टला उत्तर देणारा हँडलर ते अशा जागी लिहून येतो जी आता आपली राहिलेली नाही. तिथे तोवर भलत्याच कुणाचा संसार मांडलेला असतो. हा घोटाळा लगेच दिसत नाही. तीन आठवड्यांनी फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये कुठेतरी बोर्ड आडवा होतो आणि बिचारे फाइल सिस्टिमवाले रात्री जागवतात.

शिवाय कुणी काट्याची फाइल उघडून बसलेलं असताना काटा काढला, तर डेव्हएमनं घेतलेलं स्ट्रक्चर जातं आणि उघडी फाइल त्याच पत्त्यावर चौकशी करत राहते. पण हे ऐकून तुम्हाला काय करायचंय? रिमूव्हमध्ये केफ्रीच्या, म्हणजे जागा मोकळी करणाऱ्या फंक्शनच्या, आधी 'पॉइंटर रिकामा नाही ना' अशी तपासणी केलेली दिसेल. ती खरोखरच अनावश्यक आहे, कारण केफ्रीला रिकामा पॉइंटर चालतो. तेवढं लिहा. त्या ओळीपर्यंत तुम्ही पोहोचला होतात याचा पुरावा राहिला.

सगळ्या सूचना एकदम द्यायची घाई नको. दर आवृत्तीला एक. दुसऱ्या आवृत्तीवर सांगावं, नावं बदला. तिसरीवर, नावं आधीची बरी होती. चौथीवर, पॅच फार मोठा आहे, तोडून पाच करा. पाचवीवर, पाचांचा एकमेकांशी संबंध कळत नाही. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो आणि पुढच्यासाठी दोनच आठवडे दार उघडं असतं. सहावी आवृत्ती नेमकी ते दार लागल्यावर बघायची. रविवारी सकाळी पोह्यांवर जीरावण भुरभुरताना एका हातानं लिहिता येईल इतपतच सूचना असावी. मुलगा बिचकत विचारेल, "काका, अजून काही राहिलंय का?" तर मोघम हुं करावं. तो म्हणाला, "काका, तिकडे मशीनवर एकदम मस्त चाललंय, भिया लोक खूश आहेत," तर चाचणीचा रकाना भरला असं समजा. त्याच्या मशीनवर, त्याच्या टेबलावर, तार नीट लागलेली असताना चालतंय. मेमरीतल्या चुका पकडणारं केसॅन आणि लॉकच्या वापरातल्या चुका पकडणारं लॉकडेप चालू करून ड्रायव्हर शंभरदा बाइंड-अनबाइंड, म्हणजे जोड-सोड, करायला सांगू नका. ही साधनं फार स्पष्टवक्ती आहेत, त्यांनी दोन मिनिटांत सांगितलेलं ऐकून तुमच्या सहा आवृत्त्यांची शोभा जाईल.

एखादा शहाणा तुम्हाला आकडे ऐकवायला येईलच. २००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड चाळला तेव्हा ड्रायव्हरमधला चुकांचा दर कर्नलच्या बाकीच्या भागांच्या तिप्पट ते सातपट निघाला होता, असं तो सांगेल. म्हणावं, पंचवीस वर्षं झाली, पोरं सुधारली. मग तो १९ जुलै २०२४ काढेल : क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या कर्नल ड्रायव्हरला २१ रकान्यांचं माप दिलं, प्रत्यक्षात हातात २०च होते, एकविसावा वाचायला तो हद्दीबाहेर गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बसले, विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. यावर रामबाण उत्तर आहे : "ते विंडोज होतं." तो गप्प बसेल. बसला नाही तर त्यालाच पुढचा पॅच तपासायला द्या. पुन्हा फिरकणार नाही.

शेवटी सही. रिव्ह्यूड-बाय लिहून आपलं नाव ठोकायचं. या ओळीचा अर्थ कर्नलच्या दस्तऐवजात चार कलमांत दिला आहे. पहिली तीन वाचू नयेत, त्यांत तांत्रिक तपासणी केली, शंका लेखकाला कळवल्या, बदल योग्य वाटतो, असली जड वाक्यं आहेत. चौथं मात्र तोंडपाठ करावं. हा कोड सांगितलेलं काम करीलच किंवा नीट चालेलच अशी हमी मी देत नाही, असा त्याचा मतलब. एवढं सोयीचं कलम सोसायटीच्या करारातसुद्धा मिळत नाही.

पुढे काही महिन्यांनी बोर्ड आडवे पडायला लागले, तरी शांत राहा. लोक गिट ब्लेम चालवतील. त्यात प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव येतं, तपासणाऱ्याचं नाही. मुलाला रात्री साडेबाराला फोन जाईल, तो दुरुस्तीचा पॅच करील, त्यात 'फिक्सेस' लिहून जुन्या कमिटच्या, म्हणजे नोंदलेल्या बदलाच्या, ओळखक्रमांकाची बारा अक्षरं टाकील. आणि हा पॅच कुणाकडे पाठवायचा म्हणून गेट-मेंटेनरची स्क्रिप्ट चालवील. ती जुन्या सह्या मोजून नावं सुचवते, तेव्हा तुमचं नाव त्या यादीत असणारच. दुरुस्ती एकाच ओळीची असेल. तिच्या शेवटी एक मोकळी जागा जास्त पडली आहे का ते बघा.