ऑस्ट्रियाचे १९५५ : चौदा मे की पंधरा मे?

काल संध्याकाळी कट्ट्यावर ऑस्ट्रियाच्या १९५५ या वर्षावरून वाद सुरू झाला, तो रस्त्यावरचे दिवे लागले तरी मिटला नाही. आमचे सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. रक्त न सांडता चार देशांच्या फौजा परत पाठवणारा देश म्हणून त्यांना ऑस्ट्रियाचे फार अप्रूप आहे. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी १९४५ पासून हा देश वाटून घेतला होता. एप्रिल १९५५ मध्ये चॅन्सेलर युलियुस राब सहकाऱ्यांसह मॉस्कोला गेले, कोणत्याही लष्करी गटात सामील न होण्याची तयारी त्यांनी दाखवली, आणि १५ मे रोजी व्हिएन्नातल्या बेल्व्हेडेर प्रासादात ऑस्ट्रियाला पुन्हा स्वतंत्र करणाऱ्या करारावर सह्या झाल्या. याच कामी मॉस्कोकडे शब्द टाकावा म्हणून ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी १९५३ मध्ये पंडित नेहरूंची भेट घेतली होती, हेही सरांनी अभिमानाने सांगितले.

“अहो सर, तो महासत्तांचा सौदा होता,” आमचे वकील मित्र म्हणाले. पश्चिम जर्मनी त्याच मे महिन्यात नाटोत गेली होती, तेव्हा ऑस्ट्रिया तरी तटस्थ राहावा ही मॉस्कोची गरज होती. शिवाय सोव्हिएत ताब्यातले कारखाने सोडवण्यासाठी १५ कोटी डॉलरचा माल द्यावा लागला, खनिज तेल वेगळेच. सरांचे उत्तर असे की, किंमत मोजली म्हणून मुत्सद्देगिरी खोटी ठरत नाही, आणि समोरच्याची गरज नेमकी ओळखणे हीच तर मुत्सद्देगिरी.

इथपर्यंत मी सरांच्या बाजूने होतो. पण माझ्या मते त्या वर्षातला सर्वांत महत्त्वाचा दिवस १५ मे नव्हे, तर त्याचा आदला दिवस आहे. हिटलरच्या बाजूने युद्धात भाग घेतल्याची जबाबदारी ऑस्ट्रियाला टाळता येणार नाही, असे वाक्य मसुद्याच्या प्रस्तावनेत होते, आणि परराष्ट्रमंत्री लिओपोल्ड फिगल यांच्या आग्रहावरून ते १४ मे रोजी वगळण्यात आले. ज्या देशातल्या सुमारे ६५,००० ज्यूंची हत्या झाली, त्याने हिटलरचा ‘पहिला बळी’ ही ओळख तेवढी जवळ ठेवली. संसदेत त्या जबाबदारीची स्पष्ट कबुली चॅन्सेलर फ्रान्झ व्रानित्स्की यांनी दिली ती १९९१ मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी.

सर म्हणाले, फिगल स्वतः डाखाऊच्या छळछावणीत राहून आले होते, त्यांना खोटे कसे म्हणायचे? हा मुद्दा मला निरुत्तर करणारा होता, आणि मी तसे कबूल केले. फिगल बळी होतेच, पण त्यांच्यामुळे सारा देश बळी ठरत नाही, एवढेच मी म्हणू शकलो.

मग बोलणे नोव्हेंबरवर आले. फौजा गेल्या होत्या, २६ ऑक्टोबरला तटस्थतेचा कायदा संमत झाला होता, आणि बाँबहल्ल्यात जळालेले व्हिएन्नाचे ऑपेरागृह ५ नोव्हेंबरला बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ या संगीतनाटकाने पुन्हा उघडले. अंधारकोठडीतले कैदी उजेडात येतात तो प्रवेश सरांनी डोळे मिटून सांगितला. त्या रात्री संगीत-संचालन कार्ल ब्योम यांनी केले, आणि नाझी राजवटीत १९४३ पासून याच ऑपेरागृहाचे प्रमुखपदही त्यांच्याकडेच होते, हे मी सांगितले तेव्हा सरांनी डोळे उघडले आणि वकिलांकडे पाहिले. वकील म्हणाले, “आता चौदा मेचे पुन्हा नीट सांगा.”