वादाचा विषय वर्गात वाद म्हणूनच यावा

शाळेच्या वर्गात राजकीय आणि सामाजिक न्यायाचे विषय किती आणि कसे यावेत, यावरून महाराष्ट्रात अधूनमधून उसळणारा वाद मी श्टुटगार्टमध्ये राहून आस्थेने वाचत असतो. 2022 मध्ये एनसीईआरटीने अभ्यासाचे ओझे कमी करण्याचे कारण देत बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून जनआंदोलनांवरचे संपूर्ण प्रकरण वगळले. त्याबरोबर दलित पँथरचा इतिहास आणि नामदेव ढसाळांची कविताही गेली. 2024 च्या मे महिन्यात राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतला श्लोक आढळला आणि नव्याने गदारोळ झाला. दोन्ही वेळा सारी चर्चा पुस्तकात काय घातले आणि काय काढले, एवढ्यावरच फिरत राहिली. ते पुस्तक हातात घेऊन चाळीस-पन्नास मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी कोण आहे, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारला, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

पाने फाडण्याची मागणी एकाच बाजूकडून येते, असेही नाही. 2012 मध्ये संविधाननिर्मितीच्या गतीवरचे शंकर यांचे जुने व्यंगचित्र पाठ्यपुस्तकात असल्यावरून संसदेत सर्वपक्षीय संताप उसळला. त्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार असलेल्या सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी ते पद सोडले, आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. 2023 मध्ये याच दोघांनी, काटछाट केलेल्या पुस्तकांवरून आपली नावे काढावीत, अशी मागणी केली. सत्ता बदलली, आक्षेपाचे कारणही बदलले, परंतु न पटणारा मजकूर मुलांच्या नजरेसच पडू नये, ही वृत्ती मात्र तशीच राहिली.

मी राहतो तिथून जवळच बॉयटेल्सबाख नावाचे गाव आहे. 1976 मध्ये, राजकीय शिक्षणावरून पश्चिम जर्मनीतले डावे-उजवे शिक्षणतज्ज्ञ हातघाईवर आलेले असताना, ते या गावी एकत्र बसले आणि त्या चर्चेतून तीन सूत्रे निघाली. शिक्षकाने आपले मत मुलांच्या गळी उतरवू नये. समाजात आणि अभ्यासकांत जे वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती व हित ओळखून त्यावर विचार करता यावा. ही सूत्रे कायदा नाहीत, तरीही शिक्षक आजही त्यांचाच हवाला देतात. माझ्या मुलीला नागरिकशास्त्राच्या तासासाठी, सोळाव्या वर्षी मतदानाचा हक्क देऊ नये, या बाजूने टिपण लिहून आणायला सांगितले होते. तिचे स्वतःचे मत नेमके उलट आहे, हे शिक्षिकेला ठाऊक होते. दोन संध्याकाळी चडफडत तिने ते लिहिले, आणि त्यातला एक मुद्दा आपल्याला खोडता येत नाही, हे जेवताना आम्हाला सांगितले.

मात्र ही सूत्रे म्हणजे मौन नव्हे. 2018 मध्ये हॅम्बुर्गमध्ये एएफडी या कडव्या उजव्या पक्षाने शिक्षकांच्या 'पक्षपाता'च्या तक्रारी नोंदवण्यासाठी संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा त्याला कडाडून विरोध झाला. जर्मन राज्यघटनेचा पहिलाच अनुच्छेद मानवी प्रतिष्ठा अभंग असल्याचे सांगतो, आणि तिच्याबाबत शिक्षकाने तटस्थ राहणे अपेक्षित नाही. आपल्याकडेही ही रेघ ओढता येते. अस्पृश्यता संविधानाच्या अनुच्छेद 17 ने संपवली आहे, तिला 'दुसरी बाजू' नाही. आरक्षण कोणाला, किती आणि कोणत्या निकषावर, याला मात्र अनेक बाजू आहेत आणि त्या सगळ्या मुलांपुढे यायला हव्यात.

जर्मनीचे सगळे आलबेल आहे, असे मी म्हणत नाही. बहुतेक प्रांतांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि स्थलांतरित कष्टकऱ्यांची मुले कोणत्या वाटेला अधिक लागतात, हे इथे सर्वांना माहीत आहे. ऑक्टोबर 2023 नंतर गाझाचा विषय निघाला की अनेक शिक्षक अडखळले, हेही खरे. तरीही इथल्या शिक्षकांपैकी बहुतेकांना शासकीय सेवेचे भक्कम कवच आहे. आपल्याकडे विनाअनुदानित तुकडीवर अनुदानाची वाट पाहत वर्षे काढणारा शिक्षक, ज्याच्या संस्थेचा अध्यक्ष बहुधा तालुक्याचा पुढारी असतो, तो कोणत्या बळावर वादाचा विषय वर्गात काढणार? जिल्हा परिषदेच्या गुरुजींना आपण मतदान केंद्रावर बसवतो, जनगणनेला घरोघर फिरवतो, आणि वर्गात निवडणुकीची चर्चा झाली की शाळेत राजकारण नको म्हणतो.

मराठवाड्यात तर राजकारण वर्गाबाहेर ठेवणे शक्यच नाही. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर झालेल्या लाठीमारानंतरच्या महिन्यांत जालना जिल्ह्यातल्या एका शाळेत मुले आडनावे पाहून बाकांवर बसू लागली, असे तिथे शिकवणाऱ्या माझ्या मावसभावाने सांगितले. त्याने रोज हजेरीच्या क्रमाने मुलांना बसवले, पण ती वेगळी का बसली, यावर तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे लोक दारात आले असते, असे तो म्हणाला. मी त्याला दोष देऊ शकत नाही. मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्रे देण्याविषयीच्या 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानंतर हैदराबाद गॅझेटिअर हा शब्द आठवीतल्या पोरांच्याही तोंडी आला. ते गॅझेटिअर काय आहे, निजामाच्या राज्यात कुणब्यांची नोंद कशी होत असे आणि आजच्या ओबीसींचा आक्षेप कशाला आहे, हे मात्र त्यांना मोबाईलवरूनच कळते, तेही बहुतेक एकाच बाजूचे.

आमच्या परभणीतल्या शाळेत 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्रामावर भाषणे होत, स्वामी रामानंद तीर्थांचा जयजयकार होई. पण मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या, 27 जुलै 1978 च्या ठरावानंतर गावोगावी जळालेल्या दलित वस्त्या, पोचीराम कांबळे यांचा खून, नागपूरहून निघालेला लाँग मार्च, यांतले काही वर्गात कधी निघाले नाही. 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हाही गुरुजी गप्पच होते. त्या वर्गात ज्यांची घरे त्या आगीत गेली, त्यांची मुले होती आणि ज्यांच्या घरी त्याविषयी वेगळीच कहाणी सांगितली जाई, त्यांचीही होती. दोघांनाही एकमेकांची हकिगत ऐकायची ती एकमेव जागा होती.

म्हणून बालभारतीने आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने नामांतराचा पाठ मूळ कागदपत्रांसह, म्हणजे विधिमंडळाचा ठराव, तत्कालीन बातम्या आणि दोन्ही बाजूंची निवेदने देऊन तयार करावा, असे मला वाटते. त्याच्याबरोबरच एक शासन निर्णय हवा, ज्यात वर्गात काय शिकवता येईल याची मर्यादा स्पष्ट असेल आणि तिच्या आत राहून शिकवणाऱ्या शिक्षकाविरुद्ध तक्रार आली, तर ती आधी विषयतज्ज्ञांच्या समितीपुढे जाईल, संस्थाचालक किंवा गटशिक्षणाधिकारी यांच्यापुढे नाही, आणि समितीचे मत येईपर्यंत निलंबन होणार नाही, एवढे लिहिलेले असेल.