इंटरव्हलनंतरचे बाबा

आमची ठाण्यातली, नौपाड्यातली इमारत अखेर रिडेव्हलपमेंटला जायचं ठरलं आणि बिल्डरच्या माणसाने पहिलं फर्मान काढलं, माळे आधी रिकामे करा. म्हणून मी शिडी लावली. माळ्यावरून खाली उतरलं ते असं : बुडाला भोक पडलेला तांब्याचा बंब, जो हरवला म्हणून मी सातवीत मार खाल्ला तो कंपास, ‘पुढे लागेल’ म्हणून ठेवलेले तीन कुकर, पण झाकणं दोनच, आणि रबरबँड वितळून चिकटलेला सीड्यांचा एक खोका.

बाबांनी खोक्यातली चौथी डबी उचलली आणि स्टुलावरच बसले. “हाच. ह्याच्यात मी आहे.”

ही कथा आमच्या घरात दर गणपतीला होते. १९६३ सालच्या थंडीत तलावपाळीला एका मराठी सिनेमाचं शूटिंग लागलं होतं. बाबा बारा वर्षांचे. शाळा बुडवून ते कौपिनेश्वराच्या बाजूच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि कॅमेरा त्यांच्यावरून फिरला. सिनेमा १९६४ साली आला. त्यात बाबा चांगले दोन सेकंद दिसतात, इंटरव्हलनंतर. आईच्या लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली. सासरच्या बाकी सगळ्या गोष्टींवर तिने विश्वास ठेवला, ह्या दोन सेकंदांवर नाही.

सिनेमाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे कळेलच, त्याचे मालक आधीच चार आहेत. पाचवा उभा राहायला नको.

पहिला प्रश्न सीडी लावायची कुठे. माझ्या लॅपटॉपला भोक नाही, मुलीच्या लॅपटॉपला तर बाजूही नाही. तळमजल्यावरच्या काकूंकडे एक डीव्हीडी प्लेअर निघाला. त्याचा ट्रे आपणहून बाहेर येत नाही. डोक्यावर उजवीकडे एक टपली मारावी लागते, तीही बेताची. सीडीवर बुरशीची पांढरी नक्षी होती. बाबांनी स्वतःचा जुना बनियन घेऊन ती पुसली, आतून बाहेर, सरळ. गोल पुसली की ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सीडी जास्त अडकते, हे ज्ञान त्यांनी एवढी वर्षं कशासाठी जपलं होतं ते त्या दिवशी कळलं.

सिनेमा सुरू झाला. चित्र पावसात भिजल्यासारखं, आवाज डब्यातून. आम्ही सगळे रमलो. आणि बरोबर चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला नायक नायिकेचा हात धरून म्हणाला, “मला तुला एक गोष्ट...” आणि पडदा निळा.

व्हीसीडीचा हिशोबच तसा. एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटं मावतात. इंटरव्हल कुठे आहे, गाणं चालू आहे की कोणी मरतंय, तिला देणंघेणं नसतं. बाबांनी घाईघाईने डबीतली दुसरी तबकडी लावली. पडद्यावर आमच्या आतेभावाची मुंज सुरू झाली.

कळव्याला फोन केला. आत्या म्हणाली, “मुंजीची सीडी आमच्या कपाटात आहे. तुमची जादाची असेल.” विषय संपला.

मी बाबांना म्हटलं, दोन दिवसांत दुसरा भाग आणून देतो. हे वाक्य मी उच्चारलं तो वार गुरुवार होता, एवढंच आता आठवतं.

दुकानांचं थोडक्यात सांगतो, कारण दुकानं उरलेलीच नाहीत. स्टेशनसमोरचा सीडीवाला आता मोबाइलची कव्हरं विकतो. “मराठी जुना?” असं म्हणून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वंदना टॉकीजचं तिकीट मागत होतो. वंदना टॉकीजही गेलीच, तिचं नाव तेवढं एसटीच्या डेपोला राहिलं. २००७ साली मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा घरोघरी सिनेमे वाणसामानासारखे आले होते. त्या सगळ्या तबकड्या गेल्या कुठे? निम्म्या तरी आमच्याच गल्लीत, कबुतरं उडवायला खिडक्यांत टांगलेल्या आहेत. मी दुर्बिणीने वाचायचा प्रयत्न केला. वाऱ्यावर फिरणाऱ्या तबकडीवरचं नाव वाचता येत नाही.

मग डबीच्या पाठीवर छापलेल्या कंपनीचा माग काढला. फोनवर एक सज्जन भेटले.

“आमच्याकडे होम व्हिडिओचे हक्क दहा वर्षांचे होते. संपले.”

“मग मास्टर टेप?”

“करार संपल्यावर परत केली.”

“कोणाला?”

“ज्यांच्याकडून आणली त्यांना.”

“ते कोण?”

“अहो, ते कळलं असतं तर आम्हीच करार वाढवून घेतला नसता का?”

मराठी माणसाला मराठी माणूस शोधायला तीन फोन पुरतात. आईच्या भजनी मंडळातून निर्मात्याच्या नात्यातल्या एक आजी सापडल्या, दादरच्या. आवाज खणखणीत. “हक्क आमचेच. पण निगेटिव्ह दिराकडे.” दीर वारले होते. त्यांचा मुलगा म्हणाला, निगेटिव्ह लॅबमध्येच राहिली, कारण वडिलांनी लॅबचं बिल पूर्ण भरलं नव्हतं. लॅब होती तिथे टॉवर झाला. चौथा माणूस आपणहून उगवला. त्याच्या आजोबांनी सिनेमाला पैसे लावले होते आणि त्या बदल्यात निगेटिव्ह राइट्स लिहून घेतले होते. “आमचा बोजा आहे,” तो म्हणाला. हा शब्द ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत असतो तोच बोजा! आमच्या इमारतीच्या जागेवर सोळा वारसांची नावं निघाली होती आणि त्यातले दोन एकमेकांना मेलेले समजत होते. सिनेमाचंही अगदी तेच.

दिराच्या मुलाने करार मात्र जपून ठेवला होता. फोटो पाठवला. टाइप केलेला, कोपऱ्यात महसुली तिकीट. वितरणाचे प्रदेश लिहिलेले : मुंबई, निजाम, सीपी-बेरार म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड. निजामाचं राज्य जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण सिनेमाच्या धंद्यात ते अजूनही चालू आहे. आजही वितरक त्या टेरिटरीला निजामच म्हणतात. ह्या करारात व्हिडिओ हा शब्द नव्हता. असणार कसा? व्हीएचएस, म्हणजे घरी बघायची व्हिडिओ कॅसेट, जपानात बाजारात आली १९७६ साली. सॅटेलाइट नाही, इंटरनेट नाही. आता जे करारात नाही ते कोणाचं, ह्यावर चौघांची चार मतं. आणि चौघांचीही सही असल्याशिवाय कोणतीही कंपनी ह्या सिनेमाला हात लावणार नाही. एका बाईंचं म्हणणं तर असं, की सही करीन, पण दुसऱ्याने आधी केली तर. आमच्या सोसायटीच्या सभेत हे वाक्य मी निदान अकरा वेळा ऐकलंय.

सोसायटीवरून आठवलं. रिडेव्हलपमेंटचे कागद बघायला आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलकाकांना धरलंय. संध्याकाळी ते चहाला येतात, कागदांवर बोलायला, आणि पोहे असले तर बोलत नाहीत. त्यांच्यापुढे मी हे प्रकरण ठेवलं.

“सिनेमा कधीचा?”

“चौसष्टचा.”

“मग भांडताय कशाला? १९५७ चा कॉपीराइट कायदा. सिनेमावर हक्क साठ वर्षं, प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून मोजायची. ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. १ जानेवारी २०२५ पासून तो सिनेमा सगळ्यांचा. तुमचाही.”

मी उठून उभाच राहिलो. चार वारस, बोजा, निजाम, सगळं एका घोटात साफ! पण वकीलकाका पोहे संपवून पुढे बोलले. सिनेमाचा हक्क संपला तरी त्यातल्या गाण्यांचा, संगीताचा, कथेचा वेगळा. तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. आणि मुख्य म्हणजे सिनेमा तुमचा झाला म्हणून कोणी प्रिंट घरी आणून देत नाही. “सातबारा तुमच्या नावावर झाला,” ते म्हणाले, “पण जमीन खाडीत.”

ठाण्याच्या माणसाला ह्याहून सोपं कोणी समजावू शकणार नाही.

जमीन खाडीत म्हणजे किती खोल, ते पुण्याच्या मावसभावाने सांगितलं. १९३१ चा पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’, त्याची आज एकही प्रिंट नाही. जुनी नायट्रेटची फिल्म तर पाण्यात बुडवली तरी जळत राहते; जानेवारी २००३ मध्ये पुण्याला अशा फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या जमान्याचे किती तरी डबे गेले. नंतरची अ‍ॅसिटेटची फिल्म जळत नाही, पण दमट हवेत आंबते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. आणि आपला सिनेमा आला त्याच वर्षी, फेब्रुवारी १९६४ मध्ये, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथे विचारा, म्हणाला. बाबांनी तीन दिवस खपून पत्र लिहिलं. त्यात त्यांनी हिशोबही दिला होता : सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे माझी अठ्ठेचाळीस, फिल्मवर मोजली तर तीन फूट. एवढा तीन फूट तुकडा बघायला मिळावा. पत्र अजून उशीखाली आहे. बारा वर्षांचे असताना आपण साडेचार फूट होतो, तर फिल्मवर तीन फूटच कसे, हे आईने विचारल्यापासून ते पाठवायचं राहिलंय.

वरच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा मला ह्या सगळ्याची कीव करून म्हणाला, “काका, सत्यजित राय यांच्या अपूच्या तिन्ही सिनेमांच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या. त्या इटलीत, बोलोन्याला नेऊन जमेल तेवढ्या वाचवल्या. २०१५ ला फोर-के!” त्याच्याकडे परदेशातून मागवलेल्या ब्लू-रे आहेत, त्यातल्या काही चालतच नाहीत, कारण तबकड्यांचेही प्रांत असतात. अमेरिका ए, युरोप बी, आणि आपण सी, चीन आणि रशियाबरोबर. सीमेवर काही का असेना, तबकडीच्या नकाशात आपण आणि चीन एकाच वॉर्डात. तर ह्या मुलाने पाच मिनिटांत तो सिनेमा नेटवर काढून दिला. पूर्ण. वर लिहिलेलं, एचडी.

टीव्हीला जोडला. बाबांनी धोतर नेसायचं तेवढं बाकी ठेवलं. नायकाने “मला तुला एक गोष्ट” पूर्ण केली. ती गोष्ट एवढी किरकोळ निघाली, की ती ७४ मिनिटांत मावली नाही ह्याचं काही वाटेनासं झालं. मग तलावपाळी आली. पाणी, झाडं, नायिका चालतेय, कॅमेरा पायऱ्यांवरून... आणि पायऱ्यांच्या जागी पडदा संपला. तळाला काही केसांचे भांग ओळीने सरकत गेले.

जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी असतो, टीव्ही आडवा. बाजूला काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून कोणी तरी चित्र ताणून टीव्हीभर केलं होतं आणि वरखाली मिळून चौथा हिस्सा कापून टाकला होता. त्या चौथ्या हिश्शात बाबा होते. बिल्डरने दाखवलेला नकाशा आणि प्रत्यक्ष कार्पेट एरिया, ह्यांत जातं तेच.

“तो तिसरा भांग माझा,” बाबा क्षीण आवाजात म्हणाले.

“भांगावरून काय कळतं?” आई म्हणाली.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण ताक घेतलं नाही.

आणि रविवारी आत्याचा फोन. तिने नातवाच्या वाढदिवसाला सगळ्यांना दाखवायला म्हणून मुंजीची सीडी लावली, तर त्यात मुंज नव्हती. “कसलासा तलाव आहे, आणि एक बाई रडतेय.” कपाटात एवढी वर्षं ती सीडी मुंज म्हणून नांदत होती, कोणी उघडून पाहिली नव्हती! मी कळव्याहून रिक्षाने आलो, पुलावर तीन वेळा पिशवी चाचपली.

बाबांनी खारकर आळीतल्या काकांना बोलावलं. दोघे एका बाकावर बसायचे. वकीलकाका पोह्यांच्या वासावर आले. टपली मारली, ट्रे आला, सीडी गेली. तलावपाळी आली आणि ह्या खेपेला पायऱ्याही आल्या, सगळ्या, तळापर्यंत. फक्त व्हीसीडीचं चित्र आडवं ३५२ ठिपके आणि उभं २८८. त्यात तिसऱ्या पायरीवरच्या मुलाच्या वाट्याला डोकं धरून साधारण डझनभर चौकोन आले होते. मी पॉज केलं.

“डावीकडून दुसरा,” बाबा म्हणाले. “मी.”

काकांनी चष्मा पुसला, पुढे वाकले, टीव्हीला नाक लावलं. मग मागे सरकले.

“तो मी आहे.”

“काय बोलतोस! मी शाळा बुडवली होती त्या दिवशी.”

“तू दुसऱ्या दिवशी बुडवलीस. शूटिंग आदल्या दिवशीच संपलं होतं. शाळेचा सदरा मळलाय बघ, कोपरावर. तो माझा.”

“तो मळ नाही, बुरशी आहे!”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हातात झारा. ती काही बोलली नाही. दोघेही वकीलकाकांकडे बघू लागले. त्यांनी शेवटचा घास संपवला, बशी खाली ठेवली.

“चौसष्टचा सिनेमा ना? साठ वर्षं उलटली,” ते म्हणाले. “आता दोघांचाही हक्क नाही.”

काकांनी माझ्या हातातला रिमोट घेतला आणि मागे नेऊन पुन्हा लावलं.